मास्तरांचं पोर्ट्रेट

“तोंड तेवढं नीट येऊ दे बाबा. कोटबिट कसाबी येऊ दे,” काकू म्हणाल्या आणि मास्तरांच्या कानामागे राहिलेला साबणाचा फेस त्यांनी पदराने पुसून काढला.

दाढीही काकूंनी स्वतःच करून दिली होती. मास्तर खुर्चीत मान वर करून निमूट बसले होते आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते.

“हिला वाटतंय तू फोटोग्राफर हैस,” ते म्हणाले.

“वाटू दे की. गेल्या साली दवाखान्यात पंधरा दिवस काढलं ह्यांनी. तवा घरात शोधलं, तर ह्यांचा एक फोटो धड न्हाई. एसटीच्या पासाला लावलेला तेवढा. त्यात चोर दिसत्यात,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “जिनपाल, तू काढलेलं भिंतीवर लावणार हाय मी. जागा करून ठेवलीया.”

आणि खरोखरच त्यांनी जागा करून ठेवली होती. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून तिथे नवा खिळा ठोकला होता. मी म्हटलं, “काकू, काळजी करू नका.” किती सहज म्हटलं मी ते!

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. नेर्लेकर मास्तरांनी कोल्हापुरात मंगळवार पेठेत पस्तीस वर्षं चित्रकलेचा वर्ग चालवला. निम्म्या गावाचे चेहरे त्यांच्या हातून उतरले होते. डॉक्टर, पैलवान, पेढीवाले, कुणाचे वारलेले आजोबा, कुणाची अवघ्या विशीत गेलेली सून. पण मास्तरांचा चेहरा कुणी काढला नव्हता. स्वतःचं काढा म्हटलं की म्हणायचे, “आरशात बघत बसायला मी काय नाटकातली नायिका हाय?” विद्यार्थ्यांनी त्यांची पंच्याहत्तरी करायची ठरवली तेव्हा कार्यक्रमाला नाव दिलं, ‘गुरूंचं व्यक्तिचित्र, शिष्याच्या कुंचल्यातून’. शिष्य म्हणजे मी, जिनपाल कुंभोजे, मुंबईत नाव काढलेला. मास्तरांनी समोर बसायचं आणि मी सगळ्यांदेखत अडीच तासांत त्यांचं पोर्ट्रेट रंगवायचं. आमच्याकडे प्रात्यक्षिकाची ही जुनी रीत आहे. चित्रकार पाण्यात आहे की काठावर, ते तिथे सगळ्या गावाला कळतं.

फोनवर हो म्हणताना मला काही वाटलं नव्हतं. पोहता येणारा माणूस नदीला घाबरतो का? बारा वर्षांत आपण पाण्यात पाय घातलेला नाही, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

ती बारा वर्षं सुरू झाली मिसेस सबनीसांच्या टेबलावर. मुंबईत त्यांची गॅलरी होती. मी वर्गातून बाहेर पडलो तेव्हा मास्तरांनी स्वतः बसून माझी फाईल लावून दिली होती. साठेक कागद होते. चेहरे होते, हातापायांचे अभ्यास होते, गुऱ्हाळं, बैलबाजार, पितळेची भांडी, नाटकाच्या पडद्याची कच्ची चित्रं, घोडे. मास्तरांचं म्हणणं असं, की पैलवानाला सगळे डाव यायला पाहिजेत, लागेल तेव्हा लागेल तो. नाड्या बांधलेली ती फाईल छातीशी धरून मी रात्रभर एसटीत बसलो आणि सकाळी तोंड धुऊन मिसेस सबनीसांच्या पुढे उभा राहिलो.

त्या एकेक कागद बघायच्या आणि डाव्या हाताला ठेवायच्या. डावीकडचा गठ्ठा वाढत चालला.

“हे सगळं कुणाचं आहे?”

“माझंच.”

“मला वाटलं आठ-दहा जणांचं आहे.”

मला तो कौतुकाचा प्रकार वाटला आणि मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“जिनपाल, तुम्हाला सगळं येतं. ज्याला सगळं येतं त्याला बाजारात नाव नसतं. दारात उभं राहून लांबूनच लोकांना म्हणता आलं पाहिजे, हा कुंभोजे. इथे मला एक कुंभोजे दिसत नाही. एक जत्रा दिसते.”

शेवटी उजवीकडे एकच कागद राहिला. हिरव्या नऊवारीतली, डोक्यावर भाजीची बुट्टी घेतलेली पाठमोरी बाई. बाजारात घाईघाईने काढलेली. तिला मी चार वेळा म्हटलं होतं, मावशी जरा वळा, आणि ती म्हणाली होती, तुला काम न्हाई, मला हाय. म्हणून ती पाठमोरी. त्यामागे दुसरं काही नव्हतं.

“अशा पंचवीस करा,” मिसेस सबनीस म्हणाल्या. “फक्त अशा. बाकीचं घरी ठेवा.”

गावी येऊन मी मास्तरांना सांगितलं. ते बराच वेळ पानाचे देठ खुडत बसले.

“एका डावावर कुस्त्या मारणारा गडी जत्रेत चालतो,” ते म्हणाले. “पण बाई खोटं बोलत न्हाई. पोटाचं बघायलाच पाहिजे. काढ.”

मी काढल्या. पंचवीसच्या पंचवीस गेल्या. मग आणखी चाळीस. मग मी मोजणं सोडून दिलं. हॉटेलांच्या स्वागतकक्षात, दातांच्या डॉक्टरांकडे, बँकांच्या वरच्या मजल्यांवर माझ्या बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ठाण्यात घर झालं. मिसेस सबनीसांच्या सांगण्यावरून मी दाढी वाढवली, खादीचे झब्बे शिवले. पहिली चारेक वर्षं मजा वाटली. नंतर हिरव्या रंगाची ट्यूब हातात घ्यावीशी वाटेना. हे उगाच म्हणत नाही. रोज सकाळी तोच अंबाडा, तोच निऱ्यांचा काष्टा, तीच उन्हाची तिरीप खांद्यावर. शिळ्या भाताला रोज फोडणी घालायची आणि वर कोथिंबीर भुरभुरून वाढायचं. आणि लोक मिटक्या मारत खायचे, ही आणखी किळस. अगदी सुरुवातीला एकदा मी एक चेहरा रंगवून नेला होता. मिसेस सबनीसांनी तो अगदी प्रेमाने उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. म्हणाल्या, “हे तुमच्यासाठी ठेवा हं.” त्यानंतर मी चेहऱ्याच्या वाटेला गेलो नाही.

तर असा मी, दाढीझब्ब्यासह, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्या सभागृहाच्या व्यासपीठावर उभा राहिलो. मागे निळा पडदा, त्यावर थर्माकोलची अक्षरं, ‘यशवंत नेर्लेकर अमृतमहोत्सव’. समोर तीनशे माणसं. त्यांत मास्तरांचे जुने विद्यार्थी, पाट्या रंगवणारे, गणपती करणारे, शाळांतले ड्रॉइंग मास्तर. रंगात हात घातलेली माणसं सगळी. पहिल्या रांगेत काकू, नव्या इरकलीत. त्यांच्या शेजारी मुंबईहून मुद्दाम आलेल्या मिसेस सबनीस.

मास्तर चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसले. काळा कोट, पांढरी टोपी. बसल्या बसल्या त्यांनी हनुवटी किंचित डावीकडे नेली, उजेड नाकाच्या एका बाजूला पडेल अशी. हजार जणांना त्यांनी असं बसवलं होतं. आता माझ्यासाठी ते स्वतः बसले.

“घे,” ते म्हणाले.

कोळशाने बांधणी केली तोवर ठीक होतं. डोकं, खांदे, कोटाची कॉलर, सगळं झरझर आलं. मागे कुणीतरी ‘वा’ म्हटलं. मग मी नाकाला हात घातला.

मास्तरांचं नाक लांब आणि लहानपणी पडल्यामुळे जरासं वाकडं. काढायला सोपं, कारण विसरता न येणारं. मी ते काढलं आणि मागे सरून बघितलं. कॅनव्हासवर कुठल्याशा सहकारी बँकेचे माजी चेअरमन बसले होते. मी नाक लांबवलं. चेअरमन म्हातारे झाले. नाक वाकवलं, तर त्यांना पडसं झालं. ओठ हलवले, डोळे आत घेतले, आणि चाळीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी आंधळ्यासारखा चाचपडतोय. हात तयार होता, पण त्याला कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. बारा वर्षांत माणसाच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं.

सुरीने सगळा चेहरा खरवडला. तो आवाज सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

“निवांत,” मास्तर ओठ न हलवता पुटपुटले. “वेळ हाय.”

दुसऱ्यांदा नाक जमल्यासारखं झालं, पण डोळे बसेनात. एक डोळा मास्तरांचा, दुसरा कुणाचाच नाही. रंगांचा चिखल व्हायला लागला. झब्बा पाठीला चिकटला. समोरची कुजबुज मला ऐकू येत होती. ती नुसत्या बघ्यांची नव्हती, जाणकारांची होती. त्या पाटी रंगवणाऱ्यांतल्या कुणालाही उठवून ब्रश दिला असता, तर त्याने मास्तरांचं नाक डोळे मिटून काढलं असतं. मी पुन्हा खरवडलं. सव्वा तास होऊन गेला होता.

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. काकू माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होत्या. मिसेस सबनीसांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. भुवई तेवढी किंचित उचलली.

“मास्तर,” मी म्हटलं, “जरा वळता का?”

“किती?”

“थोडं उजवीकडे.”

ते वळले. त्यांना वाटलं मला बाजूचा चेहरा पाहिजे. वळून त्यांनी पुन्हा हनुवटी नीट केली.

“अजून जरा.”

ते अजून वळले. आता नुसता गाल दिसत होता.

“अजून.”

मास्तर थांबले. मान न वळवता म्हणाले, “अजून?”

“हो.”

मग त्या पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने खुर्चीचे हात धरले, उठून खुर्ची स्वतः उचलून फिरवली, आणि स्वतःच्याच सत्काराच्या सभेत, स्वतःच्याच नावाच्या अक्षरांकडे तोंड करून ते बसले. मदतीला कुणी उठलं नाही. सगळ्यांना वाटलं हे ठरलेलंच आहे.

आणि मग मी रंगवलं. खोटं कशाला सांगू, झकास रंगवलं. वाळलेली मान, टोपीखालून आलेले पांढरे केस, खांद्यावर सैल पडलेला कोट, त्यावर उन्हाची तिरीप. सभागृहात ऊन नव्हतं, ती मी घरून आणली होती. पस्तीस मिनिटांत चित्र उभं राहिलं. शेवटचा फटकारा मारून मी ब्रश ठेवला, आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. मागच्या रांगांतले पाटीवाले तेवढे बसून होते.

प्रमुख पाहुणे कुठल्याशा कॉलेजचे निवृत्त प्राचार्य होते. ते माईकपाशी आले. म्हणाले, चेहरा नश्वर असतो. कलावंताने चेहऱ्यापलीकडे जायचं असतं. दोनदा काढलेला चेहरा शिष्याने पुसून टाकला, कारण गुरू हा देहात मावत नाही. मी मनात म्हटलं, काय ही अक्कल! पुढे म्हणाले, हे पुसणं आपण सर्वांनी याचि देही याचि डोळा पाहिलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

मग माईक माझ्या हातात आला. तेव्हा मला सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी घसा साफ केला आणि म्हणालो, “मास्तरांचं आयुष्य आमच्यासाठी वाकलेल्या त्या पाठीत आहे. आज मला ते दिसलं.” माझा आवाजही भरून आला. तो मुद्दाम आणला नव्हता, हेच जास्त घाण आहे.

हे सगळं चालू असताना मास्तर तसेच पडद्याकडे तोंड करून बसले होते. झालं, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोझ मोडायची नाही हा नियम त्यांनीच आम्हाला घालून दिला होता. शेवटी काकू चौथऱ्याची पायरी चढून गेल्या आणि त्यांनी मास्तरांचा दंड धरून त्यांना उठवलं.

मग त्या चित्रापाशी आल्या. चष्मा पुसला. पुन्हा घातला.

“जिनपाल, तोंड कुठाय?”

मी काही बोलायच्या आत मिसेस सबनीस पुढे झाल्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

“आजी, यात तोंड नसतं. ही यांची शैली आहे.”

“ते असंल बाई,” काकू म्हणाल्या, “पण आमच्या ह्यांना तोंड हाय की.”

आजूबाजूचे चारदोन जण हसले. मीसुद्धा हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात आहे, चूळ भरून जात नाही.

“हे चित्र मी मुंबईला नेते,” मिसेस सबनीस मला बाजूला घेऊन म्हणाल्या. “बायकांनंतर पहिला पुरुष. बरोबर वेळेला आलं. तुम्ही घाबरलात की काय असं वाटलं होतं मला मघाशी.”

“छे,” मी म्हणालो. “न्या.”

काकूंनी चित्र मागितलं नाही. ते मुंबईला गेलं, प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं, त्याला एक बक्षीसही मिळालं. मास्तरांच्या पाठोपाठ कोळी आले, हमाल आले, भटजी आले. सगळे पाठमोरे. अजूनही येतात. मागणी आहे. मास्तर पुढच्या श्रावणात गेले, आणि वर्तमानपत्रात एसटीच्या पासावरचा फोटो मोठा करून छापला गेला. चेहऱ्याचे ठिपके ठिपके झाले होते. मास्तर ओळखू येत नव्हते.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी सगळे चहाला पांगले आणि मी मास्तरांना शोधत व्यासपीठामागच्या खोलीत गेलो. ते एका बाकावर बसले होते. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ. खोलीत हार-गुच्छांचा ढीग आणि त्यांचा तो कुबट गोड वास. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

“पाया पडू नको. हितं फोटोवाले न्हाईत.”

मी तसाच उभा राहिलो. ते रागावलेले वाटत नव्हते. वर्गात बसायचे तसे बसले होते, एक खांदा जरा खाली सोडून.

“पहिल्यांदा खरवडलास तवा काय चुकलेलं?” त्यांनी विचारलं.

“नाक.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“डोळे. उजवा.”

“नाकाच्या मुळापासून माप धरलं न्हाईस.”

“नाही.”

“कवापासनं येत न्हाई?”

मी हाताला लागलेला रंग झब्ब्याला पुसला. त्यांनी मांडीवरचा नारळ उचलून बाजूला ठेवला.

“मग मला सांगायचं न्हाईस व्हय, लेका?” मास्तर म्हणाले. “उठून दुरुस्त करून दिलं असतं की. मी काय पुतळा होतो तिथं? पस्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?”

बाहेरून काकूंची हाक आली, रिक्षा आलीय म्हणून. मास्तर उठले. शाल सावरली आणि दाराकडे जाताना म्हणाले, “तीनशे माणसांनी बघितलं असतं, नाक कसं काढायचं ते. तू बी बघितलं असतंस.”